चहाच्या वेळेला बदलणारी तारीख

१

घड्याळ चोरून उस्तादच्या पदरात काय पडणार होतं, ते काकूंनी सगळ्यात आधी मोजलं. जमेला एक जुनं, अस्सल मनगटी घड्याळ. ते विकायला ती दुकानात गेली असती, तर दुकानदारानं आधी तिच्या नखांतलं काळं ऑइल पाहिलं असतं आणि मग फोनकडे हात नेला असता. म्हणजे जमा जवळजवळ शून्य. खर्चाला आठ वर्षं टिकलेलं गिऱ्हाईक, बुधवारी हातात येणारी शेजारची शेड, आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या बाईला मोठ्या कष्टानं मिळालेलं ‘उस्ताद’ हे नाव. एवढा आतबट्ट्याचा व्यवहार करणारी बाई आठ वर्षं गॅरेज चालवूच शकत नाही, असं काकूंचं मत पडलं. बाकी बहुतेकांचं मत उलटं होतं.

काकूंनी बँकेत चौतीस वर्षं लॉकरच्या खोलीची वही सांभाळली होती. आत जाताना एक सही, बाहेर येताना एक सही. मधल्या दहा मिनिटांत माणसाच्या चेहऱ्यात जो फरक पडे त्याला वहीत रकाना नव्हता, म्हणून तो काकू मनात लिहून ठेवत. निवृत्त झाल्यावर वही गेली, रकाने राहिले.

झालं होतं ते असं. काकूंच्या खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. दिवसभर लोकांच्या तोंडात हात, आणि सुट्टीच्या दिवशी घड्याळांच्या पोटात. नकली घड्याळं मागवायची, त्यांची तबकडी बदलायची, काटे बदलायचे, आतलं यंत्र काढून बरं बसवायचं, आणि मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं एक इवलीशी दाढ कोरायची. विकायची नाहीत, ओळखीपाळखीत वाटून टाकायची. दुसरा नाद स्पोर्ट्स गाड्यांचा. एक लाल, बिनछपराची, दोघांपुरती. दुसरी पिवळी, सहा वर्षं ताडपत्रीखाली. लाल धावायची आणि पिवळी नुसती खायची, असं डॉक्टरांची बायको म्हणे.

या सगळ्या नकलांत अस्सल घड्याळ एकच. दवाखान्याच्या पहिल्या वर्षाच्या कमाईतून घेतलेलं. ते विकून डॉक्टर उस्तादच्या गॅरेजशेजारची शेड घेणार होते. तिथं दोघांनी मिळून जुन्या गाड्या उभ्या करायच्या, भागीदारी निम्मी-निम्मी. शेडचा मालक बुधवारपर्यंत थांबायला तयार होता.

रविवारी अकरा वाजता घेणारा आला. मऊ बोलायचा आणि घड्याळं मखमलीत गुंडाळून ठेवायचा, म्हणून त्याला सगळे मखमल म्हणत. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि अतिशय मऊ आवाजात सांगितलं, “डॉक्टर, पेटी खरी आहे. आतलं यंत्र कोणीतरी काढून नेलंय. हे नकली बसवलंय.”

गुरुवार ते शनिवार ते घड्याळ लाल गाडीच्या पुढच्या खणात विसरून राहिलं होतं. आणि गुरुवार ते शनिवार लाल गाडी उस्तादकडे होती.

२

सोमवारी सकाळी डॉक्टरांची बायको वर आली. ती शाळेत गणित शिकवायची आणि काकूंशी बोलताना सारखी जिन्याकडे बघत होती, कारण नवऱ्याला कळलेलं नको होतं. तिनं सांगितलं, की रविवारी दुपारी हे गॅरेजमध्ये गेले आणि सगळ्या कामगारांसमोर उस्तादची हत्यारांची पेटी उघडून बघायला मागितली. उस्तादनं पेटी उलटी करून जमिनीवर ओतली आणि म्हणाली, मोजून घ्या. बुधवारी सकाळी हे पोलिसात जाणार आहेत.

“काकू, तुम्ही बघा ना. तिनं नाही केलेलं.”

“कशावरून?”

“गणितात नाही बसत.”

काकूंना हे उत्तर आवडलं. त्या चष्मा लावून खाली उतरल्या.

डॉक्टर आपल्या घड्याळांच्या टेबलाशी बसले होते आणि टेबलावर काही नव्हतं. माणूस दुखावला होता हे खरं, पण दुखण्यापेक्षा अपमान मोठा होता: आपल्याच नादानं आपल्यालाच गंडवलं. काकूंनी विचारलं, घड्याळ तुम्ही रोज घालत होता का? छे. वर्षातून चार-पाच वेळा. घातलं नाही की दोन दिवसांत बंद पडायचं, मग कपाटात. बुधवारी संध्याकाळी मखमल वरवर बघून गेला, त्यानंतर मी ते घालून गाडी फिरवायला गेलो, तिथंच विसरलो. शनिवारी मेहुणा गाडी घेऊन आला, खणात घड्याळ होतं. मी निश्चिंत.

“आणि हुबेहूब तसं दुसरं कोणाकडे आहे?”

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. एकच नक्कल केली होती त्यांनी त्या घड्याळाची, हात किती बसलाय ते बघायला. तबकडी इतकी जमली, की शेजारी ठेवली तर त्यांनाच क्षणभर विचार करावा लागे. फक्त एक खोट राहिली. काटे बसवायच्या आधी तारीख पुढं सरकण्याचा क्षण बघून घ्यायचा असतो आणि तिथं बारा वाजवायचे असतात. ते पहिल्या-पहिल्यांदा राहून गेलं. त्यामुळे त्या घड्याळात तारीख मध्यरात्री न बदलता पावणेचारला बदलायची.

“चहाच्या वेळेला,” डॉक्टर म्हणाले. “ते मेहुण्याला देऊन टाकलं वाढदिवसाला. त्याला तशीही तारखेची कधी पडलेली नसते.”

“केव्हा?”

“होत आलं सव्वा वर्ष.”

काकूंनी मनातला आणखी एक रकाना भरला. मग जाता जाता सहज विचारलं, दोन घड्याळं तुम्ही एका वेळी उघडता का? डॉक्टर जवळजवळ रागावले. कधीच नाही. टेबलावर एका वेळी एकच उघडं घड्याळ, हा या कामातला पहिला नियम.

काकू दारात थांबल्या. काहीतरी खटकलं होतं, आणि ते डोक्यात नाही, डाव्या जबड्यात खटकलं होतं.

३

गॅरेजमध्ये उस्ताद एका गाडीखाली होती. काकूंनी नुसते पाय पाहिले आणि पायांशीच बोलायला सुरुवात केली. पाय आधी आणखी आत गेले. मग उस्ताद सरपटत बाहेर आली, हात पुसले आणि काकूंसाठी एक स्टूल पुसून ठेवलं.

बोलायला ती तयार नव्हती. घड्याळाबद्दल विचारलं तर म्हणाली, खण उघडलाच नाही. शेडबद्दल विचारलं तर म्हणाली, कसली शेड. तिच्या मागं भिंतीला एक नकाशा चिकटवला होता, हातानं काढलेला: शेडचा दरवाजा कुठं, खड्डा कुठं, पिवळी गाडी कुठं उभी राहणार. पिवळीच्या चौकोनात बारीक अक्षरात ‘पहिली’ असं लिहिलं होतं. रविवारनंतर कोणीतरी त्या नकाशाचा एक कोपरा उपटला होता आणि परत चिकटवला होता. काकूंनी तेवढं पाहिलं आणि त्यांना पुरलं.

शेजारच्या टेबलावर एक कार्ब्युरेटर सुटा करून ठेवला होता, आणि दुसरा लांब, वेगळ्या टेबलावर, कापडाखाली झाकून. काकूंनी विचारलं, एवढं मोठं टेबल असताना हा वनवासात का?

“एका टेबलावर दोन उघडायचे नसतात, काकू. दिसायला सगळे सारखे. याचा तुकडा त्याच्यात जातो आणि गाडी दोन महिन्यांनी घाटात बंद पडते. तेव्हा कळतसुद्धा नाही, की चूक कुठं झाली होती.”

“आणि चूक करणाऱ्याला?”

“त्याला तर कधीच नाही. तो म्हणतो, मी असं करतच नाही.”

काकूंनी जिभेनं आपले डावीकडचे दोन खोटे दात चाचपले. आणि त्यांना आठवलं. सगळंच नाही; पण एक पांढरं कापड, आणि त्यावर काहीतरी दोन-दोन.

४

मेहुणा संध्याकाळी बहिणीकडेच सापडला. तिशीतला, हसतमुख, सगळ्यांना मदत करणारा आणि कुठल्याच मदतीत शेवटपर्यंत न टिकणारा. लाल गाडीवर त्याचा जीव. दाजी त्याला ती चालवायला देत, पण चाळिसाच्या वर नाही, आणि हे दुःख तो भेटेल त्याला सांगे.

रविवारपासून तो फार कामाला लागला होता. पोलिसात कुठला अर्ज लागतो ते त्यानंच शोधलं. गॅरेजमध्ये पेटी बघायला दाजींबरोबर तोच गेला. काकूंनी विचारलं, तुला वाटतं उस्तादनं केलं? तो मान हलवत म्हणाला, वाटत नाही हो, पण दुसरं कोण? मखमलचं नाव काकूंनीच काढलं: यंत्र नकली म्हणायचं आणि मागाहून स्वस्तात उचलायचं, असं नसेल? मेहुण्यानं त्याची बाजू घेतली. मखमलनं दाजींसमोर उघडलं, दाजी डोळे लावून बसले होते, त्याला संधीच नव्हती. उत्तर बरोबर होतं. निर्दोष माणसाच्या तोंडी ते जरा जास्तच तयार होतं, एवढंच.

“तू पण शनिवारी गाडी आणलीस की.”

“दहा मिनिटांचा रस्ता, काकू. मला चाळिसाच्या वर बंदी आहे म्हणून दहा.” तो हसला. मग मनगट पुढं केलं. “आणि मला काय करायचंय? माझं आहे की. नकली, पण माझं. अजून तारीख चहाच्या वेळेलाच बदलतं बिचारं.”

तेवढ्यात बहिणीनं आतून हाक मारली, भांडी विसळून दे. तो उठला, मोरीपाशी गेला आणि हात ओले करायच्या आधी त्यानं घड्याळ काढलं. नुसतं काढून कट्ट्यावर ठेवलं नाही. खिशातून स्वच्छ रुमाल काढला, घड्याळ त्यात गुंडाळलं आणि वरच्या खिशात घालून वर बटण लावलं.

लॉकरच्या खोलीत चौतीस वर्षं काढलेल्या बाईला रुमालाची ती घडी ओळखीची होती. पितळ ठेवायला आलेली माणसं तशी घडी घालत नाहीत.

५

तरी गणित पुरं होत नव्हतं. मेहुण्यानं शनिवारी यंत्र बदललं म्हणावं, तर त्याला घड्याळ उघडतासुद्धा येत नव्हतं. बाटलीचं झाकण उघडायला तो बहिणीला हाक मारे. काकूंनी डॉक्टरांच्या बायकोशेजारी बसकण मारली. ती पेपर तपासत होती आणि प्रत्येक पेपरावर तारीख टाकताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

“मनगटावर घड्याळ असून भिंत का बघतेस?”

“सवय लागली. एकदा फसले ना.”

आणि मग तिनं ते सांगितलं, शाळेतल्या बाया जुना अपमान सांगतात तसं, तारीखवार. गेल्या वर्षी निकालाच्या आदल्या दिवशी तिच्या घड्याळाचा पट्टा तुटला. यांनी आपलं ते अस्सल काढून बांधलं, मोठा उपकार केल्यासारखं. चार वाजल्यानंतर चाळीस प्रगतिपुस्तकांवर सह्या करायच्या होत्या. घड्याळात बघून तारीख टाकली. चाळीसही पुस्तकांवर दुसऱ्या दिवसाची तारीख पडली. मुख्याध्यापिकेनं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, बाई, आज कोणता दिवस आहे ते घरी विचारून येता का?

“घरी येऊन यांना सांगितलं, तुमचं घड्याळ पुढं आहे. हे म्हणाले, अस्सल घड्याळ चुकत नसतं, तूच चुकली असशील. मी म्हटलं, असेल बाई.”

“किती महिने झाले?”

तिनं बोटं न मोजता सांगितलं. “चौदा.”

काकूंनी पेन खाली ठेवलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे तिन्ही रकाने त्यांनी एकाच रेघेत खोडले. घड्याळातलं यंत्र चौदा महिन्यांपूर्वीच बदललेलं होतं. मग त्यांनी आपल्या जुन्या डायरीत एक रविवार शोधला, दात काढल्याचा, आणि तो त्याहून दोन आठवडे मागं निघाला.

६

मंगळवारी दुपारी काकूंनी सगळ्यांना डॉक्टरांच्या टेबलाभोवती बसवलं. उस्ताद यायला तयार नव्हती. डॉक्टरांची बायको स्वतः जाऊन घेऊन आली. ती दारापाशी उभी राहिली, बसली नाही. मखमल आपलं भिंग पुसत होता. टेबलावर डॉक्टरांचं घड्याळ होतं, आणि काकूंनी मेहुण्यासमोर हात पसरला.

“दे बाळ, तुझं पण.”

“माझं कशाला? ते नकली आहे.”

“म्हणूनच मागतेय. खरं कोण देतं?”

त्यानं दिलं. द्यायला जेवढा वेळ लावला तेवढा उस्तादनं मोजला, असं काकूंना तिच्याकडे बघून वाटलं.

काकू डॉक्टरांना म्हणाल्या, दोन्हीची किल्ली बाहेर ओढा आणि काटे हळूहळू पुढं फिरवा. दोन-दोन फेऱ्या, म्हणजे पुरा एक दिवस. आधी तुमचं.

डॉक्टरांनी फिरवायला घेतलं. बारा वाजून गेले, तारीख हलली नाही. एक, दोन, तीन. पावणेचारला टक्कन आकडा बदलला. डॉक्टरांच्या बोटांना ती टक्क कळली, कारण बोटं थांबायच्या आधी त्यांचं तोंड उघडलं. पुढं फिरवत नेलं, पुन्हा बारा, पुन्हा पावणेचार. त्या फेरीत आकडा जागचा हलला नाही.

“आता त्याचं.”

मेहुण्याच्या घड्याळात पावणेचारला काहीच झालं नाही. पहिल्या फेरीत नाही, दुसऱ्या फेरीत नाही. झालं ते बाराच्या ठोक्याला.

 मखमलनं परवानगी न विचारता मेहुण्याच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत सुईनं कोरलेली इवलीशी दाढ होती. आणि दाढेखाली, नकली पेटीत, अस्सल यंत्र चालू होतं.

“पण मी तर,” डॉक्टर म्हणाले, “दोन घड्याळं कधी एकदम...”

“एकदा उघडलीत,” काकू म्हणाल्या. “रंग जुळवायला. रविवार होता. मी गाल धरून, रडत तुमच्या दारात आले. तुम्ही मला याच खुर्चीत बसवलंत. टेबलावर पांढरं कापड होतं, त्यावर दोन झाकणं, दोन पेट्या आणि दोन तबकड्या. मला तेव्हा एका दातापलीकडे काही सुचत नव्हतं, पण डोळे उघडे होते. दवाखाना उघडून माझे दोन दात काढलेत, परत आलात, आणि पेट्या बंद केल्यात. या पेटीत त्याचं पोट, तबकडी-काट्यांसकट, त्या पेटीत याचं. मग स्वतःच्या हातानं आपलं अस्सल यंत्र मेहुण्याला भेट दिलंत. चोर कोणीच नाही. यंत्र कोणी काढून नेलेलंच नाही.”

मेहुण्यानं सुटकेचा श्वास टाकला. त्याची तीच चूक झाली.

“चोर नाही,” काकू त्याच्याकडे वळल्या, “पण गप्प बसणारा एक आहे. काल तू मला सांगितलंस, की तारीख अजून चहाच्या वेळेला बदलते. ती चौदा महिन्यांत एकदाही तशी बदललेली नाही. मग खोटं का बोललास? आणि नकली घड्याळ रुमालात कोण गुंडाळतं?”

त्यानं घड्याळाकडे हात नेला आणि मागे घेतला. मग सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी पट्टा बदलायला दुकानात गेला होता. दुकानदारानं सवयीनं उघडून पाहिलं आणि खुर्ची दिली. तेव्हा कळलं. दाजींना सांगायचं रोज ठरवलं. पण मनात आलं, दिलेलं ते दिलेलं. आणि हे विकलं तर एक जुनी का होईना, स्वतःची गाडी येईल, चाळिसाच्या वर जाणारी. रविवारी मखमलनं उघडलं तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा उस्तादचं नाव निघालं, आणि ते निघू दिलं.

“पेटी बघायला मीच म्हटलं होतं,” तो म्हणाला. हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. काकूंनी ते त्याच्या जमेला लिहिलं, कारण तिथं लिहिण्यासारखं तेवढंच होतं.

डॉक्टर उठले आणि दारापाशी गेले. बरंच काही बोलायचं असावं. उस्तादनं त्यांना बोलू दिलं नाही.

“इथं नको,” ती म्हणाली. “जिथं पेटी मागितलीत तिथं.”

७

बुधवारी सकाळी डॉक्टर पोलिसात न जाता गॅरेजमध्ये गेले आणि सगळ्या कामगारांसमोर उभं राहून माफी मागितली.  उस्तादनं ऐकून घेतलं आणि अट सांगितली. शेडचा कागद तिच्या एकटीच्या नावावर. भागीदारी नको, पिवळी गाडी शेडमध्ये उभी राहील, तिचं भाडं डॉक्टर भरतील, आणि गाडी ती चालू करून देईल. डॉक्टरांनी लगेच मान हलवली, आणि शेडच्या मालकाला दुपारी पैसे पोचले.

तर भरलं कोणी, ते असं. डॉक्टरांनी अस्सल घड्याळ भरलं. दोन्ही पोटं आपापल्या पेटीत गेल्यावर मखमलनं ते घेतलं, पण दातांच्या डॉक्टरची बोटं आत फिरली आहेत म्हणून किंमत पाडून. बायकोला त्यांनी चौदा महिन्यांची थकलेली कबुली दिली, आणि तिनं ती मुख्याध्यापिकेलाही फोन करून कळवायला लावली. मेहुण्याला त्याचं घड्याळ परत मिळालं, दाढेसकट, पावणेचारच्या खोटीसकट; ते रोज घालायचं, ही बहिणीची अट. रविवारी तो शेडमध्ये गाड्या धुतो. तिसऱ्या महिन्यात उस्तादनं त्याला इंजिनाला हात लावू दिला, आणि या मदतीत तो अजून टिकून आहे. काकूंनी आपला हप्ता आगाऊच भरला होता, दोन दात.

उस्तादनं भरले तीन दिवस. त्यांची भरपाई कशी लिहायची ते काकूंना कळेना, म्हणून तो रकाना उघडा राहिला.

डॉक्टर सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये येतात, पिवळीच्या कामाला. येताना स्वतःची लहान हत्यारांची पेटी आणतात. पहिल्या दिवशी त्यांनी दारातच ती उघडली, उस्तादसमोर धरली आणि मग आत गेले. जाताना पुन्हा उघडून दाखवली. कोणी सांगितलं नव्हतं. उस्तादनं तिकडे पाहिलंही नाही. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच; येताना एकदा, जाताना एकदा. काकूंना त्यात आपली लॉकरची वही दिसे.

पाचव्या महिन्यात एका दुपारी पिवळीचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. खोकलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि सुरूच राहिलं. मेहुणा ओल्या हातांनीच धावत आला, घड्याळासकट. डॉक्टर हात पुसत निघाले आणि दारात येऊन नेहमीप्रमाणे पेटी उघडून उभे राहिले.

“बंद करा ती आता,” उस्ताद म्हणाली. “धूळ जाते आत.”

काकूंनी त्या रकान्याखाली रेघ ओढली.